पहिला ठोसा बसला की डोळे मिटतात. रिंगमधला धीर वाढवायचा कसा?

दोरीवाली (9 जून, रात्री 11:48)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वय 21, कॉलेजचं शेवटचं वर्ष, राहायला कर्वेनगर. दोन वर्षं झाली बॉक्सिंग शिकतेय, 54 किलोत खेळते. सुरुवात वजन उतरवायला म्हणून केली होती, नंतर नाद लागला. पॅडवर सर म्हणतात हात चांगला आहे. बॅगवर तासभर सोडा, मजेत असते. शॅडो (हवेतच ठोसे मारायचा सराव) तर घरी बेसिनच्या आरशासमोरही चालू असते, आईचा एक कप त्यात गेलाय.

गोची रिंगमध्ये होते. आजवर दोन बाउट (लढती) खेळले, दोन्ही हरले. हरल्याचं एवढं नाही. पहिल्या बाउटला पंच 'बॉक्स' म्हणाले आणि समोरचीचा पहिलाच जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) नाकावर बसला. फार लागलंही नाही. पण त्यानंतरचं मला धड काही आठवत नाही. मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं: तिचा खांदा नुसता हलला तरी मी डोळे मिटतेय, मान डावीकडे फिरवतेय आणि दोन्ही ग्लव्ह्ज कानांना लावून प्रेशर कुकरसारखी उभी आहे. दुसऱ्या बाउटला 'असं करायचं नाही' असं घोकून गेले. तेच केलं. वर दुसऱ्या राउंडच्या मध्यात हात इतके जड झाले की गार्ड पार छातीपर्यंत उतरला. सरावात मी सहा राउंड सहज करते हो!

गंमत म्हणजे चार वर्षं ढोल-पथकात वाजवलंय. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत असते, तिथे कधी हात थरथरला नाही.

सर म्हणाले, "मन कच्चं आहे तुझं. पक्कं कर." कसं, ते नाही सांगितलं. सप्टेंबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे. कोणी सांगेल का?

शंकासुर (10 जून, सकाळी 7:05)

हौसेने लोकांचे ठोसे खायला जायचं आणि ठोसा बसल्यावर डोळे मिटतात म्हणून धागा काढायचा! डोळे मिटतात म्हणजे शरीर शाबूत आहे. माझं ऐकाल तर हा विषयच मिटवा.

लालमाती (10 जून, सकाळी 8:31)

ताई, शंकासुरांचं मनावर घेऊ नका. ते प्रत्येक धाग्यावर पहिले येतात.

मी कुस्तीवाला, बॉक्सिंगमधलं कळत नाही. पण आमच्या पेठेतल्या तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिले तीन महिने कुस्ती लावूच देत नसत. माती खणायची, जोर-बैठका मारायच्या, मोठ्या पैलवानांच्या अंगाखाली दबून राहायचं. दबून राहायची सवय झाली की भीती जाते. तुम्ही पहाटे पाचला उठून पर्वतीच्या पायऱ्या दहा वेळा चढा-उतरा, गार पाण्याने आंघोळ करा, महिनाभर गोड बंद. मन आपोआप दगड होतं.

आणि मुरलीकांत पेटकरांचं आठवा. सांगली जिल्ह्यातला माणूस, सैन्यात बॉक्सर होता. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, बॉक्सिंग कायमचं संपलं. तो गडी पोहायला लागला आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आला, विश्वविक्रमासकट. याला म्हणायचं मन.

मनकवडी (10 जून, दुपारी 1:20)

पेटकरांबद्दल +1. पर्वतीबद्दल जरा थांबा.

मी क्रीडा मानसशास्त्र शिकतेय, अजून डिग्री हातात नाही, त्यामुळे चुकलं तर धरा. कष्ट सोसायची सवय आणि अंगावर येणाऱ्या हातासमोर डोळे उघडे ठेवायची सवय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्वतीने दम वाढेल, शिस्त लागेल. पण पर्वती तुमच्या नाकावर जॅब मारत नाही.

दोरीवाली, तुझ्या बाबतीत काय होतंय ते बघ. शरीराला धोका वाटला की अॅड्रेनालिन सुटतं. हृदय पळायला लागतं, श्वास वरच्या वर राहतो, नजर आक्रसते, खांदे कानांपाशी जातात. दात आवळून तू श्वास कोंडत असणार, व्हिडिओत बघ. ताणलेले खांदे आणि कोंडलेला श्वास घेऊन दीड मिनिट उभं राहिलं तर कोणाचेही हात जड होतील. सरावात सहा राउंड होतात कारण तिथे तू श्वास सोडतेस. तेव्हा हात जड होणं हा स्टॅमिनाचा प्रश्न कमी आणि घाबरण्याचा जास्त.

पापणी मिटणं ही तर प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती कोणाचीच पूर्ण जात नाही. पापणी लवून लगेच उघडली तर काही बिघडत नाही. तुझं बिघडतंय ते डोळे मिटलेलेच राहतात आणि मान फिरते म्हणून. तेवढ्यापुरतं काम कर.

ढोलाचं कोडं सोपं आहे. तिथे आजूबाजूला साठ जण असतात आणि कोणी तुझा ढोल हिसकावत नाही.

मुंढवेकर (10 जून, रात्री 9:55)

बेटा, जरा मोठं लिहितो. पंचवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली अकरा रिंगच्या आजूबाजूला. आधी खेळलो, मग कोच म्हणून पोरांच्या कॉर्नरला उभा राहिलो. आता मुंढव्यात असतो. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट इथून जवळ, 2001 साली सुरू झालं. तिथली पोरं रस्त्याने पळताना दिसली की अजून पाय शिवशिवतात.

'मन कच्चं' हे शब्द मी माझ्या कोणत्याच पोराला वापरले नाहीत. मन कच्चं म्हटलं की पोरगं मन शोधत बसतं. हनुवटी वर आहे म्हटलं की हनुवटी खाली घेतं. सापडते ती गोष्ट सांगावी.

डोळ्यांचं असं कर. जोडीदार घे, तुझ्याच वजनाची, भरवशाची. ती फक्त जॅब मारेल, तोही दहा टक्के जोराने, तुझ्या ग्लव्हवर. तू मारायचं नाही. जॅब मारून हात मागे नेताना ती दुसऱ्या हाताची बोटं दाखवेल (त्या हातात ग्लव्ह नको), एक, दोन, तीन, काहीही. तू आकडा मोठ्याने सांगायचा. डोळे मिटले तर आकडा सांगता येत नाही, खोटं बोलायची सोयच नाही. दोन मिनिटं, मग अदलाबदल. आठवडाभर एवढंच. दहापैकी नऊ आकडे बरोबर यायला लागले की जॅब कपाळावर, हेडगार्डवर, तसाच हलका. मग दोन हात. मग तू परत जॅब मारायचा. घाई केलीस तर परत पहिल्या पायरीवर.

मी हे शिकलो ते चुकून. माझ्याकडे एक पोरगा होता, जोरदार स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) घातलं की 'तयार होईल' म्हणून मी त्याला रोज मोठ्यांसमोर उभा करायचो. तो तयार झाला, पण मार खायला. उभा राहून मार खायचा, पडायचा नाही, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. ते माझ्या डोक्यावर आहे अजून.

दुसरं. ठोसा सोडताना तोंडाने 'सस्स' असा आवाज काढ. ठोसा खातानाही काढ. आवाज निघतोय म्हणजे श्वास कोंडलेला नाही.

तिसरं. तुमच्या बायकांच्या बाउट आधी दोन मिनिटांच्या चार राउंडच्या असायच्या, आता पुरुषांसारख्याच तीन मिनिटांच्या तीन. मधे एक मिनिट. त्या मिनिटात कोच दहा गोष्टी ओरडतो आणि पोरीला एकही ऐकू येत नाही. सरांना सांग, पहिली वीस सेकंदं कोणी बोलायचं नाही. बसायचं, नाकाने श्वास घ्यायचा, तोंडाने लांब सोडायचा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. मग एक गुळणी. मग सरांनी एकच गोष्ट सांगायची.

चौथं, एक शब्द ठरवून ठेव. गोंधळ झाला की तोच शब्द मनात. मोठं वाक्य नको, रिंगमध्ये वाक्य पूर्ण होत नाही.

शंकासुर (10 जून, रात्री 10:12)

मुंढवेकर, प्रतिसाद आवडला. (धाग्याबद्दलचं मत कायम.)

नळस्टॉपवाला (11 जून, सकाळी 10:40)

अवांतर: कर्वेनगर-कोथरूड भागात मुलांसाठी बॉक्सिंगचे वर्ग आहेत का? फी किती असते? मुलगा 9 वर्षांचा, फार चिडका आहे.

मुंढवेकर (11 जून, दुपारी 12:02)

@नळस्टॉपवाला, चिडका आहे म्हणून पाठवू नका. पळायला आवडतं म्हणून पाठवा.

दोरीवाली (24 जून, रात्री 11:15)

सगळ्यांचे आभार. मधे पालख्यांमुळे रस्ते बंद होते, दोन दिवस सराव नाही, बाकी रोज आकडे मोजतेय.

पहिल्या दिवशी दहापैकी तीन. तेही अंदाजाने सांगितले होते बहुतेक. जोडीदारीण बोटं दाखवायची आणि मी 'दोन' म्हणायचे, ती हसायची, कारण तिने मूठ दाखवलेली असायची. काल आठ आले. आज सात.

एक गोष्ट लक्षात आली. जॅब येतो तेव्हा मी हात बघत होते. हात फार पटकन येतो. काल तिच्या गळ्याखाली, जर्सीच्या काठाकडे बघायला लागले तर खांदा आधी हललेला दिसतो आणि पुढचं सगळं थोडं हळू वाटतं.

शब्द ठरवला: 'हनुवटी'. मुंढवेकर काकांमुळेच.

लालमाती दादा, पर्वती आठवड्यातून दोनदा चालू केलीय. गोड बंद जमणार नाही.

लालमाती (25 जून, सकाळी 6:50)

जमेल ताई. नाही जमलं तर पर्वती तीनदा करा.

मनकवडी (25 जून, दुपारी 3:33)

'आज सात' हे लिहिलंस ते फार बरं केलंस. बहुतेक जण आठवर थांबून धागा बंद करतात.

आणखी एक. दुसऱ्या बाउटला तू 'डोळे मिटायचे नाहीत' असं घोकून गेलीस. घोकताना डोक्यात चित्र मिटलेल्या डोळ्यांचंच. काय करायचं ते ठरवून जा: पहिला ठोसा बसला की एक पाऊल डावीकडे आणि जॅब. बसो वा न बसो. ठोसा बसणारच आहे, तो बसल्यावरचं तुझं पहिलं काम ठरलेलं असू दे.

टोकियो ऑलिंपिकला आपल्या लव्हलिना बोर्गोहाईंसमोर उपांत्यपूर्व फेरीत चेन निएन-चिन होती, आणि 2018 च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत लव्हलिना तिच्याशीच हरलेली. जुना हिशेब डोक्यात घेऊन ती खेळली असती तर अवघड होतं. 4-1 ने (पाच पंचांपैकी चौघांचा कौल) जिंकली आणि पदक पक्कं केलं.

दोरीवाली (19 जुलै, रात्री 12:37)

धागा वर काढतेय. थोडी फुशारकी मारायला.

मंगळवारी क्लबमध्ये (नाव देत नाही) एका मुलाबरोबर स्पारिंग लावलं, 63-64 किलोचा असेल. त्याचा उजवा हात कानाच्या वर बसला. पाय क्षणभर कापसाचे झाले. पण डोळे उघडे राहिले, हनुवटी आठवली, डावीकडे सरकून जॅब मारला! राउंड पूर्ण केला. सर पहिल्यांदा 'शाब्बास' म्हणाले.

तेव्हापासून डोकं दुखतंय थोडं, ट्यूबलाइट नकोशी वाटते, काल लेक्चरला एकच ओळ तीनदा वाचली. कोणाला सांगितलं नाही. गोळी घेऊन आज परत स्पारिंग केलं. दोन महिन्यांपूर्वी मी रडून घरी बसले असते. मन पक्कं होतंय वाटतं :)

स्टेथो (19 जुलै, सकाळी 6:10)

मी या धाग्यावर आजवर लिहिलं नव्हतं. आता लिहितो आणि स्पष्ट लिहितो.

डोक्याला फटका, पाय लटपटले, नंतर डोकेदुखी, उजेड सहन न होणं, वाचलेलं न समजणं. हे कन्कशन असण्याची दाट शक्यता आहे, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का. बेशुद्ध पडलात तरच कन्कशन, हा गैरसमज आहे. गोळीने डोकेदुखी दबते, मेंदू बरा होत नाही. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा फटका बसला तर मेंदूला सूज येऊन जीव गेल्याची उदाहरणं आहेत. क्वचित घडतं, पण घडतं ते बहुतेक तुमच्या वयाच्या खेळाडूंना.

आजच डॉक्टरांना दाखवा. उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, झोप अनावर झाली, बोलणं अडखळलं किंवा हातापायात मुंग्या आल्या तर थेट इमर्जन्सीत, रात्र असली तरी. घरच्यांना आत्ता उठवून सांगा.

नंतरही परत जायचं ते पायऱ्या-पायऱ्यांनी: एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग दोरी, मग बॅग, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. लक्षणं परतली तर एक पायरी मागे. अंगाला अंग लागणारा सराव डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच. हौशी बॉक्सिंगच्या नियमांतही डोक्यावरच्या फटक्यांमुळे बाउट थांबवली तर किमान 30 दिवस खेळाडूला बाहेर बसवतात. सरावाला तो नियम कोणी लावत नाही, म्हणून तो आपण लावायचा.

मुंढवेकर (19 जुलै, सकाळी 6:25)

बेटा, डॉक्टरसाहेब म्हणतात तसंच. आत्ता. आईला हा धागा दाखव.

54 किलोच्या मुलीला 64 किलोच्या मुलासमोर उभं करणाऱ्याबद्दल मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर अॅडमिन उडवतील. मी स्वतः हेच केलेलं आहे, वर सांगितलंय.

एवढं ऐक. 1975 ला मनिलात अली आणि फ्रेझरची चौदा राउंड मारामारी झाली. फ्रेझरचे डोळे सुजून बंद होत आलेले, तरी त्याला पंधरावा खेळायचा होता. त्याच्या कोच एडी फचने त्याला उठू दिलं नाही. पोरगं कधीच 'बस' म्हणत नाही, म्हणून तर कॉर्नरला माणूस लागतो. पण कॉर्नरच्या माणसाला तू खरं सांगितलंच नाहीस तर तो काय डोंबल करणार?

चहा_कमी_साखर (19 जुलै, सकाळी 9:48)

पण मग आपल्या बॉक्सर सतीशकुमारचं काय? टोकियोला चेहऱ्यावर 13 टाके घालून विश्वविजेत्या जालोलोवसमोर उतरला. 0-5 हरला, पण अख्ख्या देशाने सलाम केला. मेरी कोमही 2018 ला पोलंडमध्ये चार तासांत दोन किलो उतरवून खेळली आणि सुवर्ण घेऊन आली. हे सगळे डॉक्टरांचं ऐकत बसले असते तर?

स्टेथो (19 जुलै, सकाळी 10:30)

सतीशकुमार टाके घालून उतरला, लपवून नाही. जखम सगळ्यांना दिसत होती, डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली होती. कातडीची जखम आणि मेंदूचा धक्का यांत फरक आहे. मेरी कोमचं म्हणाल तर ती तोवर पाच वेळा विश्वविजेती होती आणि तिने ते तासभर दोरी मारून केलं. एकवीस वर्षांच्या मुलीने शरीरातलं पाणी उडवून त्याच दिवशी डोक्यावर ठोसे घेणं, हे मी तरी कोणाला सुचवणार नाही.

शंकासुर (19 जुलै, सकाळी 10:41)

दोरीवाली, डॉक्टरकडे गेलात का? बाकी सगळे नंतर भांडा.

दोरीवाली (20 जुलै, रात्री 8:02)

गेले. बाबा सोबत होते, त्यामुळे फार बोलणी खाल्ली, आधी त्यांची, मग डॉक्टरांची. कन्कशनच. तीन आठवडे स्पारिंग नाही, पहिले दोन दिवस फोनही कमी. हे आई टाइप करतेय, मी सांगतेय.

सरांना फोन केला. वाटलं होतं चिडतील. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललीस?" मी म्हटलं, "तुम्ही शाब्बास म्हणालात म्हणून." त्यावर ते काहीच बोलले नाहीत.

(मी आई. कप एक नाही, तीन गेलेत.)

दोरीवाली (21 सप्टेंबर, रात्री 10:58)

बाउट झाली. हरले, 3-2.

सविस्तर लिहिते, नाहीतर विसरेन. ऑगस्टच्या मध्यापासून डॉक्टरांच्या परवानगीने परत आकड्यांपासून सुरुवात केली. शेवटचे तीन आठवडे मी दमले की सर दर मिनिटाला नवी ताजी जोडीदारीण आत सोडायचे, सगळ्या माझ्या वजनाच्या, डोक्यावर मारायचं नाही या अटीवर. त्यात मी फक्त जॅब आणि पाय, एवढंच.

सकाळी पोट ढवळत होतं, तीनदा बाथरूमला गेले. पट्ट्या बांधताना बोटं गार. आधी मला वाटायचं धीट लोकांचं असं होत नसेल. शेजारी जी बसली होती, जिने मागच्या वर्षी सुवर्ण घेतलं, ती तर ओकून आली आणि शांतपणे गमशील्ड (दातांवरचं कवच) धुवायला लागली.

पहिला राउंड हातचा गेला, स्वच्छ गेला. पण मला आठवतोय. सगळा. तिचा डावा खांदा आधी पडतो हे मला दुसऱ्या मिनिटाला दिसलं. बसल्यावर सर वीस सेकंदं खरंच काही बोलले नाहीत, त्यांना ते फार जड गेलं असणार. मग म्हणाले, "खांदा दिसला ना?" एवढंच. तोटा एका गुणाचाच होता, 10-9, हेही मनात आलं.

दुसऱ्यात उजव्या बरगडीखाली असा बसला की गुडघा टेकला. पंच मोजायला लागले. मुंढवेकर काका, तुम्ही हे सांगितलं नव्हतं, सरांनी सांगितलं: लगेच उठलीस तरी आठपर्यंत मोजतातच, तेवढी सेकंदं तुझी आहेत. तीनला श्वास परत आला. पाचला समोरच्या कॉर्नरची पिवळी बादली दिसली, तिच्यावर 'पाणी पिऊ नये' लिहिलं होतं, ते वाचलं. सातला हनुवटी. आठला हात वर.

तिसरा मी घेतला. मैत्रिणीने व्हिडिओ काढलाय, आम्ही दोघींनी अमृततुल्यमध्ये बसून तो चार वेळा बघितला. मान एकदाच फिरलीय.

रडले नंतर. ढोल-पथकातल्या पोरी आल्या होत्या, त्या बाहेर ताशाच्या ठेक्यावर बाक बडवत होत्या, कर्मचाऱ्याने हाकललं.

लालमाती (21 सप्टेंबर, रात्री 11:20)

ताई, पेढे कधी? हरल्याचे पण असतात आमच्याकडे.

शंकासुर (22 सप्टेंबर, सकाळी 7:01)

व्हिडिओ टाका. कोणाला सांगू नका मी मागितला म्हणून.

मुंढवेकर (22 सप्टेंबर, सकाळी 7:40)

मी पण बघतो. बरगडीखाली बसला म्हणजे जॅब मारून झाल्यावर तुझं उजवं कोपर उघडं राहतंय. सोमवारी दोरी दहा मिनिटं, मग आरशासमोर कोपर अंगाला चिकटवून शंभर जॅब. कप आधी उचलून ठेव.